पद्म पुरस्कारासाठी नाव कसं सुचवायचं: मोडी शिकवणाऱ्या सरांचे तीन अर्ज भरताना कळलेलं

तालुक्याच्या गावी माझं महा-ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, पीक विमा असे दिवसाला पन्नासेक अर्ज माझ्या हातून जातात. त्यामुळे आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ‘सरांचं नाव पद्मश्रीला पाठवू या, फॉर्म तू भर’ असं ठरलं, तेव्हा मला ते अर्ध्या तासाचं काम वाटलं. पहिला अर्ज आम्ही नऊ दिवसांत उरकला आणि तो वाईट झाला. दुसरा बरा झाला. तिसरा, माझ्या मते, चांगला झाला. पुरस्कार अजून मिळालेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे हमखास यशाचा मंत्र शोधत आलेल्यांचा वेळ वाचेल.

सर इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, पण १९८३ पासून दर रविवारी सकाळी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात मोडीचा, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या लिपीचा, वर्ग घेतात तो अजून सुरू आहे. फी नाही. लोक घरातले वतनाचे कागद, कौलनामे, वाटणीपत्रं पिशवीतून घेऊन येतात. सर ती वाचून देतात आणि वाचता वाचता गावगाडा कसा चालायचा, बलुत्याचा हिशेब कसा असायचा, ते समजावत राहतात. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोन्याच्या भावाने मिळेना. आमच्याकडे मात्र सर होते, आणि त्यांनी तयार केलेले वीस-पंचवीस वाचणारेही होते.

अशा माणसाचं काम कागदावर मांडणं अवघड असतं. धावपटूची वेळ लिहिता येते, डॉक्टरच्या शस्त्रक्रिया मोजता येतात. इतिहास, भाषा, लोकगीतं लोकांपर्यंत पोचवणाऱ्याचं काम लोकांच्या डोक्यात असतं, फायलीत नसतं. खालचं सगळं त्या अंगाने लिहिलं आहे.

१. आधी ठरवा, पद्मच का?

पद्म हा एकच राष्ट्रीय सन्मान नाही, आणि प्रत्येक कामाला तो बसतोच असं नाही.

भारतरत्नासाठी अर्जच नसतो. पंतप्रधान राष्ट्रपतींना शिफारस करतात, एका वर्षात सहसा जास्तीत जास्त तीन (२०२४ ला मात्र पाच दिले). धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या पां. वा. काण्यांना तो १९६३ साली मिळाला, पण ‘काण्यांना मिळाला, मग आमच्यांना का नाही’ म्हणून तिथे फॉर्म शोधू नका.

संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसी अशा भाषांच्या विद्वानांसाठी राष्ट्रपतींचं सन्मानपत्र आहे, ते १९५८ पासून दिलं जातं. अभिजात आणि मध्ययुगीन साहित्यावर, किंवा अकादमीची मान्यता नसलेल्या भाषांत काम केलेल्यांसाठी साहित्य अकादमीचा भाषा सन्मान आहे, तो १९९६ पासूनचा. कीर्तन, दशावतार, लोकनाट्य असं सादरीकरण असेल तर संगीत नाटक अकादमीकडे बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामुळे अभिजात भाषांच्या विद्वानांसाठीच्या सन्मानांकडेही मराठीवाल्यांनी आता लक्ष ठेवायला हवं.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने विचारलं होतं म्हणून एक ओळ तिकडची. अमेरिकेत याच प्रकारच्या कामासाठी, म्हणजे इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान लोकांना समजावून देण्यासाठी, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते नॅशनल ह्युमॅनिटीज मेडल देतात. वर्षाला जास्तीत जास्त बारा. अमर्त्य सेन आणि झुंपा लाहिरी यांना ते मिळालेलं आहे. आपल्याकडे केवळ या विद्यांसाठी असं वेगळं पदक नाही. पद्मच्या मोठ्या छत्रीखालीच शिरावं लागतं.

२. माणूस पात्र आहे का ते बघा

हे पाच मिनिटांत उरकतं, पण आधी बघा. जात, धर्म, व्यवसाय, स्त्री-पुरुष असा कुठलाही भेद नाही. परदेशी नागरिकालाही पद्म मिळतो.

अडचणी दोन. नोकरीत असलेले सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी चालत नाहीत. त्याला अपवाद डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. म्हणजे पुराभिलेखागारात नोकरीला असलेल्या तुमच्या विद्वान मित्राला निवृत्तीपर्यंत थांबावं लागेल. दुसरं, मरणोत्तर पुरस्कार सहसा देत नाहीत. अगदी असामान्य कामाचा अपवाद असतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आमच्या भागात जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा असलेल्या एक आजी होत्या. त्यांचं नाव सुचवायचं असं आम्ही दोन वर्षं नुसतं बोलत होतो. त्या गेल्या. ओव्यांपैकी जेमतेम चाळीस कुणाच्या तरी मोबाइलमध्ये आहेत.

स्वतःचं नाव स्वतः सुचवता येतं, त्यात नियमबाह्य काही नाही. संस्था किंवा कुणीही नागरिक दुसऱ्याचं नाव सुचवू शकतो. आमदार-खासदारांच्या शिफारशीची अट नाही. हे मी ठळक सांगते, कारण आमचे पहिले चार दिवस एका पत्रासाठी एका बंगल्याच्या ओसरीवर बसण्यात गेले. राज्य सरकारही आपली नावं पाठवतं. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात वेगळा प्रस्ताव देता येतो, पण तो दिला नाही म्हणून तुमचा थेट अर्ज अडत नाही.

३. त्यांना विचारा

गुपचूप अर्ज करून ‘सरप्राइज’ द्यायची कल्पना सोडा. जन्मतारीख, पत्ता, फोटो, आधीचे पुरस्कार हे सगळं त्यांच्याकडूनच मिळणार आहे. शिवाय काहींना सरकारी सन्मान नकोच असतो, तेही आधी कळलेलं बरं.

आम्ही विचारलं तेव्हा सर म्हणाले, “अगं, मला कशाला? त्यापेक्षा या रुमालांसाठी एखादं लोखंडी कपाट मिळतंय का बघ. वाळवी लागतेय.” (रुमाल म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे.) काकू आतून म्हणाल्या, “भरू दे तिला फॉर्म. त्या निमित्ताने माळा तरी आवरून होईल.” तीच आमची संमती.

४. कागद गोळा करा (याला सगळ्यात जास्त वेळ द्या)

अर्जाची मुदत उघडण्याआधी दोन-तीन महिने हे काम सुरू करा. आम्ही सुरू केलं मुदत संपायला नऊ दिवस उरलेले असताना, आणि पहिला अर्ज तिथेच पडला.

लागणारे कागद असे:

– आधार किंवा दुसरं ओळखपत्र, ज्यांचं नाव सुचवायचं त्यांचं आणि तुमचंही
– अलीकडचा, साध्या पार्श्वभूमीवरचा फोटो (सत्काराच्या फोटोतून कापलेला नको, त्यात शाल अर्धी दिसते)
– पुस्तकं, लेख, स्मरणिका यांची यादी, सालासकट
– आधी मिळालेले पुरस्कार, देणाऱ्या संस्थेचं नाव आणि साल
– वर्तमानपत्रांतली कात्रणं
– काम प्रत्यक्ष लोकांपर्यंत पोचलं याचा पुरावा

यातली शेवटची ओळ खरी महत्त्वाची. तिच्याकडे येते, पण आधी कात्रणं आणि नावाचा घोळ.

सरांनी सगळी कात्रणं एका जुन्या हजेरीपत्रकात खळीने चिकटवली होती. प्रेमाने कापलेली, अगदी कडेला कडा लावून. त्यामुळे एकाही कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव नाही आणि तारीख नाही. ‘मोडीतून उलगडला दुष्काळाचा इतिहास’ हा मथळा आहे, पण कधीचा, कुणाचा, पत्ता नाही. तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो नुसता छापील कागद. शेवटी काकूंनी उपाय काढला. त्यांनी कात्रण वाफेवर धरून अलगद सोडवलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला बाजारभाव होते, कांद्याचे आणि गुळाचे, आणि एका सिनेमाची अर्धी जाहिरात. त्यावरून सालाचा अंदाज बांधला, ग्रंथालयात जाऊन त्या महिन्याची फाइल काढली आणि मूळ पानाचा पूर्ण फोटो घेतला. असे सात लेख सापडले. बाकीचे सोडून दिले. तारखेसकट सात कात्रणं बिनतारखेच्या सत्तर कात्रणांना भारी असतात.

नावाचं म्हणाल, तर सरांचं आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेलं निघालं. आधारवर एक, पुस्तकावर दुसरं, जिल्हास्तरीय पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर तिसरं. अर्जात आधारवरचंच लिहा आणि बाकीच्या रूपांचा एका ओळीत उल्लेख करा. जन्मतारीख एक जून असेल तर घाबरू नका. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर एक जूनच असतो. आधार आणि अर्जात तीच तारीख असली म्हणजे झालं.

आता पुरावा. पद्मच्या निकषांत साफ म्हटलं आहे की नुसतं त्या क्षेत्रातलं प्रावीण्य पुरेसं नाही, त्यात लोकसेवेचा अंश हवा. इंग्रजीत त्याला ‘एक्सलन्स प्लस’ म्हणतात. त्यातला ‘प्लस’ म्हणजे काय, हे मला तिसऱ्या अर्जाच्या वेळी समजलं. सरांना मोडी येते, हे प्रावीण्य. सरांमुळे मोडी दुसऱ्यांना येते आणि ते दुसरे तिचा उपयोग करतात, हे प्लस. पहिल्या अर्जात आम्ही नऊ सत्कारांचे फोटो जोडले होते. सत्कारातून एवढंच दिसतं की कुणीतरी त्यांना नारळ दिला.

तिसऱ्या वेळी आम्ही जोडलं ते असं. रविवारच्या वर्गाच्या हजेरीच्या वह्या, एकूण अकरा. पहिल्या वहीचं पहिलं पान, शेवटच्या वहीचं शेवटचं पान आणि मधली काही पानं स्कॅन केली. नावापुढे सरांनी प्रत्येकाचा धंदा लिहिला होता: शेतकरी, एसटी कंडक्टर, शिवणकाम, वकील, तलाठी, ‘घरी असते’. मला ती पानं बघून भरून आलं, पण ते सोडा. अर्जाच्या दृष्टीने तो सोन्याचा तुकडा होता. ज्यांना इतिहासाशी एरवी काही देणंघेणं नव्हतं, अशांपर्यंत हे ज्ञान पोचलं, हे त्या एका रकान्यात दिसत होतं.

त्याशिवाय पाच पत्रं घेतली. मोठ्या नावांची नाही. एका शेतकऱ्याचं, ज्याने सरांकडे शिकून स्वतःच्या घरचा वाटणीचा कागद वाचला. एका शिक्षिकेचं, जी आता तिच्या शाळेत मोडीचा छंदवर्ग घेते. प्रत्येकाला एवढंच सांगितलं: विशेषणं नको, काय घडलं ते लिहा, साल घाला. तरी एकाने ‘प्रातःस्मरणीय’ने सुरुवात केलीच. परत लिहून घेतलं.

५. विभाग निवडा

कला, समाजकार्य, सार्वजनिक व्यवहार, विज्ञान आणि अभियांत्रिकी, उद्योग-व्यापार, वैद्यक, साहित्य आणि शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा, आणि ‘इतर’, असे विभाग आहेत. भारतीय संस्कृतीचा प्रसार हा ‘इतर’मध्ये मोडतो, आणि गोंधळ इथेच होतो. लोकसाहित्याचा संग्राहक साहित्यात जाईल, कलेत, की इतरमध्ये?

जुन्या याद्या बघा, त्या खुल्या आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली कठपुतळी आणि चित्रकथीसाठी पद्मश्री मिळाली, विभाग कला. त्याच वर्षी वाशिमचे शिक्षक-लेखक नामदेव कांबळे, विभाग साहित्य आणि शिक्षण. भाषांच्या सर्वेक्षणाचं प्रचंड काम उभं करणारे गणेश देवी, २०१४, विभाग तोच. २०२५ च्या यादीत अरण्यऋषी मारुती चितमपल्लीही साहित्यात आहेत. सगळा जन्म जंगलात गेला तरी ते ज्ञान लोकांपर्यंत पोचलं ते लेखनातून.

दुसऱ्या अर्जात आम्ही ‘इतर’ निवडलं होतं, का ते आता आठवत नाही. बहुधा तिथे गर्दी कमी असेल असं कुणीतरी म्हणालं म्हणून. असल्या हुशारीचा उपयोग नाही. माझा नियम आता साधा आहे: तुमच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद ज्या विभागाचा वाटतो, तो विभाग. सरांचा वर्ग म्हणजे शिकवणं. साहित्य आणि शिक्षण.

पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री यांतलं काय मागायचं यावर आमच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं. भांडू नका. पद्मश्री मागा. ‘रियासतकार’ गो. स. सरदेसायांना पद्मभूषण मिळालं, ते मराठ्यांचा इतिहास खंडांमागून खंड लिहून झाल्यावर.

६. आठशे शब्दांचं निवेदन

अर्जातला गाभा म्हणजे जास्तीत जास्त आठशे शब्दांचं निवेदन. यावर दोन आठवडे घाला.

आम्ही मराठीत लिहिलं आणि कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेकडून इंग्रजीत करून घेतलं. इथे एक खड्डा आहे. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, इंग्रजीत तिचा वेगळा शब्द होतो. ‘देवळाच्या सभामंडपात’ हे आपले दोन शब्द, तिकडे सहा-सात होतात. मराठीत सातशे ऐंशी शब्द मोजून आम्ही निर्धास्त होतो, इंग्रजीत ते हजारावर गेले आणि शेवटच्या रात्री कापाकापी झाली. मराठी मसुदा साडेपाचशे शब्दांवर थांबवा.

पहिल्या अर्जातलं आमचं पहिलं वाक्य असं होतं: ‘इतिहासाचे गाढे अभ्यासक, ज्ञानतपस्वी, ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व लाभलेल्या सरांनी आपलं अवघं आयुष्य मोडी लिपीच्या प्रचार-प्रसारासाठी वेचलं.’ वाचायला बरं वाटतं. पण मोडीच्या जागी योग घाला, पोवाडा घाला, मधमाशीपालन घाला, वाक्य तसंच चालतं. जे वाक्य कुणालाही लावता येतं ते कुणाचंच नसतं.

तिसऱ्या अर्जातलं पहिलं वाक्य: ‘१९८३ पासून दर रविवारी सकाळी दोन तास, फी न घेता, ते गावच्या देवळात सामान्य लोकांना मोडी वाचायला शिकवतात, हजेरीच्या वह्यांत आजवर अकराशेहून अधिक नावं आहेत.’ साल, वार, जागा, लोक. एकही विशेषण नाही.

मग आम्ही हा क्रम ठेवला. आधी काम काय आणि कधीपासून. मग ते का लागतं: मराठी राज्यकारभाराचे आणि महसुलाचे असंख्य कागद या लिपीत आहेत, ती आता शाळेत शिकवत नाहीत, त्यामुळे कागद घरात असूनही घरच्यांना परके झाले आहेत. मग कुणाला काय मिळालं, दोन माणसांच्या उदाहरणांनी. मग पुस्तकं आणि लेख. सर्वांत शेवटी आधीचे पुरस्कार, दोन ओळींत. आमच्याकडच्या लोकांना उलटा क्रम आवडतो, सत्कार आधी आणि काम नंतर. तसं करू नका.

वाचणारा महाराष्ट्राबाहेरचा असेल हे धरून लिहा. प्राध्यापिकाबाईंनी मसुदा वाचून विचारलं, “अगं, इंग्रजीत ‘मोडी’ आणि ‘मोदी’ सारखंच दिसतं, लक्षात आलं का तुझ्या?” आमच्या पहिल्या अर्जात सर चाळीस वर्षं कुणाचा प्रचार करत होते, असा समज व्हायला पूर्ण वाव होता. तिसऱ्या वेळी पहिल्याच उल्लेखात लिहिलं: विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी लिहायला वापरात असलेली जलद लिपी. तुमच्याकडे भारूड, गोंधळ, चित्रकथी, बखर असं काही असेल, तर त्यालाही असं एक वाक्य द्या. आपल्याला जे अंगवळणी पडलेलं असतं, ते दिल्लीत कुणीतरी पहिल्यांदाच ऐकत असतं.

आणि खोटं लिहू नका. एकाने सुचवलं, ‘लाखो कागदपत्रांचं वाचन’ लिही, कोण मोजणार आहे? सरांनी ते वाचलं आणि लाल पेनाने ‘लाखो’ खोडून बाजूला ‘सुमारे साडेतीन हजार, नोंदवही पाहा’ लिहिलं. नोंदवही खरंच होती.

७. पोर्टलवर भरणं

अर्ज फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. पत्ता ‘अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन’. टपालाने फाइल पाठवू नका. अर्जाला एक पैसाही लागत नाही.

मुदत दर वर्षी सारखी नसते. २०२५ च्या पुरस्कारांसाठी १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ होती, पुढच्या वर्षी १५ मार्चलाच खिडकी उघडली. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा धरून बसू नका, मार्च लागला की पोर्टल बघायला लागा.

सुचवणाऱ्याने आधी स्वतःच्या नावाने नोंदणी करायची, मोबाइलवर ओटीपी येतो. नोंदणी ग्रुपमधल्या अशा एकाच्या नावाने करा ज्याचा नंबर वर्षभर बदलणार नाही. निवेदन थेट खिडकीत टाइप करू नका. वेगळ्या फाइलीत तयार ठेवा आणि चिकटवा. जोडायच्या कागदांना आकाराची मर्यादा असते, ती तिथेच लिहिलेली असते. कात्रणं आणि पत्रं एकाच पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर अनुक्रमणिका देऊन जोडा. स्कॅन वाचता येतंय ना, ते मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर उघडून बघा. दाखले काढून देताना मी रोज हेच सांगते आणि स्वतःच्या वेळी विसरले. सरांच्या सगळ्यात चांगल्या पत्रावर माझ्या अंगठ्याची सावली होती.

शेवटच्या दिवशी भरू नका. आमची लाइट गेली, इन्व्हर्टर बसला, आणि पहिला अर्ज रात्री पावणेबाराला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेला. अर्ज क्रमांक लिहून ठेवा, प्रिंट काढा.

८. अर्ज गेल्यावर

आलेली नावं पद्म पुरस्कार समितीपुढे जातात. ही समिती पंतप्रधान दर वर्षी नेमतात. कॅबिनेट सचिव अध्यक्ष, गृह सचिव आणि राष्ट्रपतींचे सचिव सदस्य, शिवाय चार ते सहा मान्यवर. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. यादी २५ जानेवारीला संध्याकाळी येते.

गर्दीचा अंदाज असू द्या. २०१४ साली सुमारे बावीसशे नावं आली होती, २०१८ साली ४९,९९२. पुरस्कार मात्र वर्षाला जास्तीत जास्त १२०, मरणोत्तर आणि परदेशस्थ सोडून. २०२५ ला सगळे धरून १३९ होते. निवड झाली तर घोषणेआधी फोन येतो. नाही झाली तर आम्हाला तरी पत्र आलं नाही, फोन आला नाही. यादीत नाव नाही, हेच उत्तर. मग पुन्हा मुदतीत नव्याने अर्ज करायचा, जुना आपोआप पुढे सरकेल असं धरायचं नाही.

मधल्या काळात फोन येतील. ‘मॅडम, आमची दिल्लीत ओळख आहे, फाइल पुढे सरकवू.’ फाइल वगैरे काही नसते, फोन ठेवा. दुसरा प्रकार जास्त चलाखीचा. मोठ्या हॉटेलात ‘राष्ट्रीय गौरव’, ‘भारत भूषण’ असल्या नावांचे सोहळे होतात, निवड झाल्याचं पत्र आधी येतं आणि ‘नोंदणी शुल्क’ नंतर. सरांना असं पत्र आलं होतं, साडेसात हजार रुपये. सरांनी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मोडीची बाराखडी काढून वर्गात वाटली.

आणि मिळालाच, तर आधीच सांगून ठेवते. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं, रोख रक्कम नसते. ‘पद्मश्री’ ही पदवी नाही. लेटरहेडवर, निमंत्रणपत्रिकेवर, पुस्तकावर नावाच्या मागे-पुढे ती लावायची नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही हे स्पष्ट झालं आहे, आणि गैरवापर केला तर पुरस्कार काढून घेता येतो. आमच्या गावात फ्लेक्सवाला आत्ताच डिझाइन करून बसला आहे, नावाआधी मोठ्या लाल अक्षरांत. त्याला दोनदा सांगून झालं.

चौथ्या अर्जासाठी बदल एवढाच करणार आहे: कुणबी नोंदींच्या वेळी सरांच्या विद्यार्थ्यांनी जे वाचन केलं, त्याचा अर्धा परिच्छेद घालायचा, आणि तेवढे शब्द पुरस्कारांच्या यादीतून कापायचे. हजेरीची बारावी वहीही आता सुरू झाली आहे, तिचं पहिलं पान स्कॅन करायचं आहे. कपाटासाठी ग्रुपवर वर्गणी सुरू आहे, अजून चार हजार कमी पडतात.